मदत हवी आहे: तांबे-निकेलच्या भुकटीत लोखंड शिरलं

नमस्कार दादा-ताईंनो. मी तुमसरजवळच्या खेड्यातला, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतोय. तांबे-निकेलची निम्मी-निम्मी भुकटी स्टीलच्या भांड्यात, स्टीलच्याच गोळ्यांनी २० तास बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या आघाताने दळणाऱ्या यंत्रात) फिरवली. गोळे आणि भुकटीचं वजन १०:१.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासतात, त्यात) तांब्याचं ४३.३ अंशांचं आणि निकेलचं ४४.५ चं शिखर जाऊन मधोमध एकच रुंद शिखर आलं. म्हणजे खरंच मिश्रधातू झाला, की कण बारीक होऊन आणि अणूंच्या जाळीत ताण येऊन दोन्ही शिखरं पसरली नि एकमेकांत मिसळली? हे ओळखायचं कसं?

दुसरं जास्त छळतंय. ईडीएसमध्ये (कोणतं मूलद्रव्य किती, हे सांगणाऱ्या तपासणीत) ४ टक्के लोखंड दिसलं. बाबा म्हणाले, चक्कीचा दगड झिजला की पिठात कचकच येतेच. पटलं. पण लोखंडाचं मुख्य शिखर ४४.७ ला, निकेलच्या अगदी शेजारी, त्यामुळे एक्सआरडीत ते वेगळं काढता येत नाही.

स्टीलऐवजी टंगस्टन कार्बाइडचे कठीण गोळे परवडत नाहीत. आधी त्याच भुकटीचा थर भांड्याला-गोळ्यांना चढवून ती फेकली तर लोखंड कमी होईल का? भुकटी चिकटू नये म्हणून स्टिअरिक आम्ल घातलं तर कार्बन वाढेल, ही भीती. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. नागपूरच्या लॅबमध्ये पुढची पाळी सोमवारी आहे.