गाढव आणि घोडा ओळखायचा कसा? लेकीसमोर पंचाईत झालीय

घोडबंदरचा बाबा
कासारवडवलीला आमच्या बिल्डिंगमागे बांधकाम सुरू आहे. चढावर ट्रक जात नाही, म्हणून विटा गाढवांवरून नेतात. पहाटे साडेपाचला गजर लावायची गरज उरलेली नाही. परवा वरातीतला घोडा बघून लेक (वय सहा) म्हणाली, "बाबा, हे पांढरं गाढव ना?" कान लांब असतात, यापुढे मला काही सांगता येईना. त्यात विटावाल्यांकडचं एक जनावर कानांनी गाढव, पण उंचीने आणि शेपटीने घोडा. ते काय असेल?

कुंभाराचा नातू
दादा, कान सोडा, शेपूट दाखवा. गाढवाची शेपटी गाईसारखी, टोकाला गोंडा. घोड्याला बुडापासूनच लांब केस. घोड्याची आयाळ मानेवर लोळते, गाढवाची आखूड आणि ताठ, दात घासायच्या ब्रशासारखी. बऱ्याच गाढवांच्या पाठीवर काळी रेघ असते, तिला खांद्यावर दुसरी आडवी छेदते. पांढुरक्या जनावरावर ती शोधत बसू नका.

लहानपणी पौष पौर्णिमेला आजोबांबरोबर जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात जायचो. ते पायाच्या आतल्या बाजूला हात लावायला सांगायचे. तिथे नखासारखा कडक चट्टा लागतो. गाढवाच्या फक्त पुढच्या दोन पायांना, घोड्याच्या सहसा चारही. (लेकीला हे करू देऊ नका, लाथ बसेल.)

आवाजाचं म्हणाल तर घोडा श्वास सोडताना खिंकाळतो. गाढव श्वास आत ओढतानाही ओरडतं, चिरकं. मग सोडताना घोगरं. आजोबा म्हणायचे, कोरडा हापसा मारतंय कोणीतरी. शाळेत घोड्याचं खिंकाळणं आणि म्हशीचं रेकणं शिकवलं, गाढवाच्या वाट्याला नुसतं 'ओरडणं'. एवढा गळा काढून हे बक्षीस!

खारघरकर
ते तिसरं जनावर खेचर. बाप गाढव, आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63, म्हणून त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. ओरडायला लागलं की नीट ऐका, सुरुवात खिंकाळल्यासारखी आणि शेवट गाढवाचा.

घोडबंदरचा बाबा
काल लांबूनच दाखवलं. शेपटीचा गोंडा पटला. खेचर मात्र दिवसभर गप्प, आज पहाटे ओरडलं तेव्हा आम्ही दोघं गॅलरीत. शेवट खरंच हापशाचा! आता लेक विचारतेय, घोडबंदर रोडवर सगळी गाढवंच का. पूर्वी इथल्या बंदरात घोडे उतरायचे म्हणतात, तेवढं सांगून वेळ मारून नेलीय.