मदत हवी आहे: सोसायटीची मोठी दुरुस्ती पावसाळ्याआधी कशी आटपायची?

कोरा_गिलावा:
ठाण्यातली आमची सोसायटी 1994 ची, तळमजला अधिक 4, सदनिका 32. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलम-बीम दुरुस्ती, बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि शेवटी रंग असं सुचवलंय. तीन ठेकेदारांची कोटेशनं आली, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत जवळपास दुपटीचा फरक. आत्ता डिसेंबर आहे. कमिटीत या क्षेत्रातलं कुणी नाही. सुरुवात कुठून करावी, पैसे कसे द्यावेत, मेअखेर काम उरकेल का?

मोजपट्टी:
तिन्ही कोटेशनं आधी बाजूला ठेवा. तिघांनी आपापल्या अंदाजाने वेगवेगळं काम धरलंय, मग तुलना कशाची करणार?

ऑडिट करणाऱ्या किंवा दुसऱ्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून बीओक्यू, म्हणजे कामाची बाबवार यादी, करून घ्या: प्रत्येक बाब, तिचं एकक, अंदाजे परिमाण. 'गिलावा दुरुस्ती' एवढं पुरेसं नाही. पोकळ गिलावा तोडणं, नवा दोन थरांत करणं, राडारोडा उचलणं हे सगळं त्या दरात आहे का, ते लिहा. पॉलिमर मॉर्टरची (कॉलम-बीमच्या दुरुस्तीला वापरतात तो पॉलिमर घातलेला सिमेंटचा मसाला) जाडी लिहा, नाहीतर 'जाडी वाढली' म्हणून जादा बिल येतं. परांची, संरक्षक जाळी, कामगारांचा विमा आणि जीएसटी दरात धरायचे की वेगळे, तेही. एकच कोरा बीओक्यू तिघांना द्या. फरक बराच खाली येईल, आणि उरेल तो खरा असेल.

काय करायचं *नाही* तेही लिहा. ग्रिल, एसीचे आउटडोअर, खिडक्यांवरच्या शेड काढून परत बसवायचा खर्च कुणाचा, यावर सभेत आधीच ठराव घ्या. काम यावर जितकं अडतं तितकं सिमेंटवर अडत नाही.

कोरा_गिलावा:
एक ठेकेदार ठोक रकमेत करतो म्हणतोय. ते सोपं नाही का?

मोजपट्टी:
रंगाला चालेल, दुरुस्तीला नाही. टॅपिंग, म्हणजे हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकणं, ऑडिटच्या वेळी हात पोचतो तिथेच होतं. परांची बांधल्यावर पूर्ण भिंत ठोकली जाते तेव्हा बीओक्यूतले 4,000 चौरस फूट 6,000 होऊ शकतात. ठोक रकमेत ठेकेदार एकतर ही जोखीम आधीच दरात घालतो, नाहीतर गंजलेली सळई न घासता वर मसाला थापतो. म्हणून बाबवार दर घ्या आणि प्रत्यक्ष मोजमापावर बिल द्या. सभेत मंजुरी घेताना 15% आकस्मिक खर्च धरा. वर्गणीसाठी दुसऱ्यांदा हात पसरणं फार जड जातं.

उलटी_गिनती:
वेळापत्रक पावसाकडून मागे मोजत या. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो, वळवाच्या सरी त्याआधी. म्हणजे 20 मेला रंग संपायला हवा. नवा गिलावा किमान 7 दिवस पाण्याने भिजवायचा आणि रंगाआधी साधारण 4 आठवडे सुकू द्यायचा, नाहीतर क्षार फुटून रंगाचे पापुद्रे निघतात. तेव्हा शेवटचा गिलावा 5 एप्रिलच्या आसपास. परांची फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उभी राहिली तरच हे जमतं, आणि त्यासाठी वर्क ऑर्डर जानेवारी संपायच्या आत हवी. होळीला बरेच कामगार गावी जातात, ते आठ-दहा दिवस कामाचे म्हणून धरूच नका.

गच्चीचं काम समांतर चालतं, दोन आठवडे सरकलं तरी बिघडत नाही. फक्त जुना कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) फोडणं रंगाआधी उरका, आणि नवा झाल्यावर 72 तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का पाहा. घरांतल्या बाथरूमची गळती मात्र सगळ्यात आधी. आतून पाणी झिरपत असेल तर बाहेरचा गिलावा पुन्हा फुगणारच.

गिलाव्याला उशीर झालाच तर रंग सरळ दिवाळीनंतर न्या. परांचीचं भाडं दुसऱ्यांदा पडेल, पण ओल्या भिंतीवरचा रंग त्याहून महाग.

बेरीज_वजाबाकी:
पैशांबद्दल. आगाऊ 10% पेक्षा जास्त नको, आणि तो पुढच्या बिलांतून वळता करून घ्या. दर पंधरवड्याला संयुक्त मोजमाप: ठेकेदार, कन्सल्टंट, कमिटीचा एक सभासद, तिघांच्या सह्या. *गिलाव्याखाली झाकण्याआधी* सळईचे फोटो, त्यावर भिंतीचा क्रमांक आणि तारीख. झाकलेलं काम नंतर कुणालाच मोजता येत नाही. प्रत्येक बिलातून 5% राखून ठेवा: त्यातले अर्धे पैसे सगळं काम संपल्यावर, उरलेले एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्या. ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस (आयकर) कापायचा असतो, त्यासाठी लागणारा टॅन क्रमांक सोसायटीकडे नसेल तर आत्ताच काढा.

जादा कामाला तोंडी 'करून टाका' कधीच नको. बाब, कारण, परिमाण, दर, सही, मग काम.

कोरा_गिलावा:
खूप आभार. रोज साइटवर कुणी उभं राहायचं? सगळे नोकरीवाले.

मोजपट्टी:
कन्सल्टंटच्या करारात साइट इंजिनिअरच्या भेटी आठवड्याला किती, ते लिहून घ्या. 'गरजेनुसार' असेल तर कुणी येत नाही. तुमच्याकडून एकच माणूस ठेकेदाराशी बोलेल, निवृत्त सभासद असेल तर उत्तम. बाकी 31 घरांच्या तक्रारी त्याच्याकडे वहीत. आणि एका बाजूची परांची उतरवण्याआधी त्याने आणि इंजिनिअरने वरपासून खालपर्यंत ती बाजू पाहून सही करायची. परांची उतरली की चौथ्या मजल्यावर राहिलेल्या भेगेसाठी कुणी परत चढत नाही.