नर्मदेच्या पाण्यात डाळ शिजते, बोरिंगच्या पाण्यात का नाही?

सुदामानगर_इंदूर
नमस्कार. आमच्याकडे नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, बाकी सगळा वापर बोरिंगचा. सासूबाई वरणासाठी नर्मदेचं पाणी तांब्याच्या कळशीत वेगळं भरून ठेवायच्या आणि दुसऱ्या कशालाही ते घेऊ द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, नर्मदामाईवरची श्रद्धा असेल. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि ती कळशी माळ्यावर गेली.

मागच्या महिन्यात गल्लीतली लाइन फुटली, आठ दिवस नळ नाही. बोरिंगच्या पाण्यात कुकर लावला. पाच शिट्ट्या केल्या, मग सात. डाळ फुगलेली दिसायची, पण रवी फिरवली की दाणा वेगळा, पाणी वेगळं. सासऱ्यांना दात नाहीत, रात्री ते वरणभातच जेवतात. ताटात बोटांनी दाणे चुरताना त्यांना बघवेना. मी दोनदा किराणेवाल्याकडे जाऊन डाळ बदलून आणली, त्याला बोललेही. नवव्या दिवशी नळ आला आणि तीच डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. पाण्यात असं असतं तरी काय?

छत्रीबाग
ताई, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळीला वेळ लागतो.

निवृत्त_रसायनवाला
दादा, उंचीचं खरं आहे, पण ते इथे लागू होत नाही. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांजवळ जातं. शिवाय गाव तेच, कुकर तोच, डाळ तीच. बदललं फक्त पाणी.

डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेरूची जेली ज्यामुळे धरते, तेच हे पेक्टिन. गरम पाण्यात ते विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि डाळ घोटली जाते. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं आणि मग पेक्टिन विरघळत नाही. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात ना? त्या पाकात उकळूनही मोडत नाहीत. कारण हेच, चुन्यातलं कॅल्शियम. पेठ्याला जे हवं असतं तेच वरणाला नको असतं.

आपला माळवा काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक. बोरिंगचं पाणी त्याच्या भेगांमधून मुरत जातं आणि हे क्षार घेऊन वर येतं. नर्मदेचं पाणी नदीचं, नर्मदाकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटरवरून घाट चढवून आणलेलं. त्यात क्षार असतात, पण कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोरिंगचं पाणी एकदा तपासून घ्या. गिझरमध्ये पांढरा थर बसत असेल तर कठीण आहे हे नक्की.

लोकमान्यनगरच्या_काकू
अगं, तुझ्या सासूबाईंचं बरोबरच होतं. नर्मदा इंदुरात १९७८ साली आली. त्याआधी आमची आई गोड्या विहिरीचं पाणी फक्त स्वयंपाकाला आणवायची. खाऱ्या विहिरीचं धुण्याला, आणि तिथेही साबणाला फेस यायचा नाही, नुसता चिकट साका. डाळीवरूनच आम्ही विहीर ओळखायचो.

नळ नसेल त्या दिवशी डाळ तासभर मीठ घातलेल्या पाण्यात भिजव आणि ते पाणी फेकून दे. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आधी घातलंस तर नर्मदेच्या पाण्यातही ती अडून बसेल. सोडा घालतात, पण मी नाही घालत.

निवृत्त_रसायनवाला
काकूंच्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं. आंबट पदार्थांत पेक्टिन विरघळायला तयार नसतं. सोड्याने डाळ लवकर मऊ होते, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, तेव्हा चिमटीपलीकडे नकोच. आणि डाळ जुनी असेल, उन्हाळा-पावसाळा डब्यात काढलेली असेल, तर दाण्यातलंच कॅल्शियम मोकळं होऊन पेक्टिनला धरतं. म्हणजे किराणेवाल्याचा दोष कधीकधी असतोही.

ताई, एक करून बघा. एकाच कुकरात तीन वाट्या ठेवा. डाळ तीच, मापून. एकीत नर्मदेचं पाणी, दुसरीत बोरिंगचं, तिसरीत बोरिंगचंच पण दहा मिनिटं उकळून, निवळू देऊन, वरचं घेतलेलं.

सुदामानगर_इंदूर
रविवारी केलं. चार शिट्ट्या. सासरे स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते, तिन्ही वाट्या त्यांनीच चमच्याने दाबून पाहिल्या. नर्मदेची पूर्ण विरघळली. बोरिंगची अख्खी, कडेला थोडी फुटलेली. उकळून निवळलेल्या पाण्यातली मधली. घोटली गेली, पण तळाशी कणी राहिली. उकळलेल्या पातेल्याला आत पांढरी भुकटी चिकटली होती, ती बोटाला लागली. तिसरी वाटी अर्धवटच का शिजली, ते कळलं नाही.

निवृत्त_रसायनवाला
ती भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. उकळल्यावर बायकार्बोनेटच्या रूपातलं कॅल्शियम असं तळाला बसतं. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातलं मात्र उकळून जात नाही, ते पाण्यातच राहतं. म्हणून तुमची तिसरी वाटी मधल्यामध्ये राहिली. फार नेटकं केलंत.

लोकमान्यनगरच्या_काकू
आणि बाहेर कुकरात कोणतं पाणी होतं?

सुदामानगर_इंदूर
बोरिंगचंच, काकू. वाटीतलं तेवढं नर्मदेचं. म्हणजे रोजच्या वरणाला दोन फुलपात्री पाणी पुरतं. कळशी काल माळ्यावरून काढली, चिंच-मीठ लावून घासली. आज नळाचा दिवस होता, पहिली तीच भरली. किराणेवाल्याकडे संध्याकाळी जाऊन आले, त्याला सगळं सांगितलं आणि बोलले होते त्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, त्याच्या घरीही हेच होतं, तो बायकोला बोलायचा.