बोनमच्या ड्रममागचा जिना

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातला ड्रमचा आवाज म्हणजे निव्वळ त्यांचा ड्रमर जॉन बोनम याच्या हाताचा जोर, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. उरलेलं श्रेय एका जिन्याचं. लेड झेपेलिनने हे रेकॉर्डिंग इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत केलं. (१७९५ची, मुळात गोरगरिबांना कामाला जुंपून ठेवायची जागा. तिथे पुढे हा धुमाकूळ!) साउंड इंजिनियर अँडी जॉन्सने ड्रम खालच्या दालनात मांडले आणि दोन माइक वर जिन्यात टांगले, बास्स. मग तो आवाज बिन्सनच्या एको (प्रतिध्वनी) यंत्रातून काढला. गिटार आणि माउथऑर्गन सुरू व्हायच्या आधीची पहिली काही सेकंदं हेडफोन लावून ऐका. किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्यामागोमाग जो दबका ठोका येतो ना, तो बोनमचा पाय नव्हे, एको आहे. शिवाय नंतर टेपचा वेगही उतरवलाय, म्हणून सगळं इतकं जड, चिखलातून चालल्यासारखं वाटतं.

आणि ज्यांना वाटतं आपण झेपेलिन कधी ऐकलंच नाही, त्यांनीही हा ठेका कुठेतरी ऐकलेला असण्याची दाट शक्यता आहे. बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप ग्रुपने १९८६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच तो उचलून केली, आणि पुढे हिपहॉपवाल्यांनी तर त्याचा पार पिट्टा पाडला. मूळ गाणं मात्र १९२९चं, कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या ब्लूज गायक जोडीचं, १९२७च्या मिसिसिपीच्या पुरावरचं. तेही ऐकाच, त्यात ड्रम औषधालाही नाही.