मदत हवी आहे : आईचा एलडीएच ६१२ आलाय आणि मामा म्हणतो ताक बंद करा

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. आईला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, बी सेलचा, मिरजेत किमो चालू आहे, तिसरी सायकल होऊन दहा दिवस झाले. जेवणाचं म्हणाल तर दोन घास गेले तरी आम्ही खूश, फोडणीचा वास आला की उठूनच जाते, ताक तेवढं टिकायचं पोटात, जिरेपूड घालून पातळ केलेलं, सकाळी एक भांडं दुपारी एक.

काल घरी येऊन ब्लड सँपल नेलं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, एलडीएच ६१२. मागच्या वेळी २६० होता. मी आकडा मोठ्याने वाचला ही माझी चूक, कारण तासगावचा मामा शेजारीच बसलेला. त्यानं फोनवर शोधलं, एलडीएच म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजनेज, लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक ॲसिड, लॅक्टिक ॲसिड म्हणजे दही, आणि कॅन्सर लॅक्टेटवर पोसतो असं शास्त्रज्ञच म्हणतायत. "अक्का, तू रोज त्याला खुराक घालतीयास." आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं ते ठेवलंच.

मी बीकॉम. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो तर लॅक्टेटचा आणि कॅन्सरचा संबंध खरंच आहे म्हणतात, लॅक्टिलेशन का काय ते पण सापडलं, मामा अगदीच हवेत बोलत नाहीये असं वाटून जास्तच घाबरलो. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर ताक द्यायचं का नाही, आणि ६१२ म्हणजे गाठ परत वाढतीय का, कुणी सरळ सांगेल का प्लीज.

बाटलीबहाद्दर : साताऱ्यात लॅबला आहे, १४ वर्षं झाली. आधी दोन गोष्टी बघा. त्याच रिपोर्टात पोटॅशियम किती आहे, आणि अगदी तळाला काही शेरा आहे का.

धागाकर्ता : पोटॅशियम ५.९. तळाला बारीक अक्षरात "हिमोलाईज्ड सँपल" लिहिलंय, काल दिसलंच नव्हतं. पोरगा दुपारी दीडला आला होता, शीर सापडेना, दोनदा टोचलं, सुई आत फिरवली, आई कळवळली. मग बाटली बॅगेत टाकून कुपवाडला अजून दोन घरं करायला गेला.

बाटलीबहाद्दर : घ्या, तिथंच आहे बघा. लाल पेशींच्या आत एलडीएच आणि पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, ओढाताणीत पेशी फुटल्या की ते सगळं सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, उतरतं, सिरम लालसर दिसतं आणि दोन्ही आकडे खोटेच वर जातात. पण म्हणून सोमवारपर्यंत बसू नका हां. किमोनंतर गाठीच्या पेशी एकदम फुटल्या तरी हेच दोन आकडे चढतात, सोबत युरिक ॲसिड आणि फॉस्फरसपण. तिसऱ्या सायकलला ते सहसा होत नाही, पहिल्या वेळी भीती जास्त, तरी ५.९ खरं निघालं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. आत्ता वॉर्डात फोन लावा, रिपीट करायला सांगतील. आणि एलडीएच म्हणजे लॅक्टेट नव्हे, ते पेशीत लॅक्टेट बनवणारं एन्झाईम. लॅक्टेटची टेस्ट निराळी, करड्या टोपणाची बाटली, बर्फात ठेवून पळवावी लागते नाहीतर बाटलीतल्या पेशीच लॅक्टेट बनवत राहतात. आयसीयूत सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, पेशंटला करतात, २ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात.

पेशीवाली : मूळची कराडची, काम संशोधनातलं. मामांचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच त्रासदायक आहे. ऑक्सिजन असूनसुद्धा गाठीच्या पेशी साखर भराभर फोडून लॅक्टेट बाहेर टाकतात, हे ओटो वॉरबर्गनं १९२० च्या दशकात पाहिलं होतं. पेट स्कॅनला साखरेसारखं औषध टोचून गाठ चमकते ना, ती याच खादाडपणामुळं. कितीतरी वर्षं लॅक्टेट म्हणजे निव्वळ कचरा असं धरून चालले होते सगळे. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओंच्या गटानं दाखवलं की ते हिस्टोन प्रथिनांना जाऊन चिकटतं. डीएनए ज्या रिळावर गुंडाळलेला असतो ते रीळ म्हणजे हिस्टोन, त्यावर २८ जागी ही लॅक्टेटची चिकटपट्टी सापडली, आणि ती लागली की काही जीन चालू होतात. हेच लॅक्टिलेशन. पुढं हिस्टोन सोडून बाकीच्या प्रथिनांवरही सापडलं. २०२४ मध्ये एनबीएस१ या प्रथिनाचं आलं, किमोनं तोडलेला डीएनए दुरुस्त करणाऱ्या टोळीतलं आहे ते, त्याला लॅक्टेट चिकटलं की दुरुस्ती जोरात होते आणि गाठ किमोला दाद देत नाही. फिट्सवरचं स्टिरिपेन्टॉल नावाचं औषध एलडीएचला अडवतं म्हणून ते वापरून बघतायत. हे सगळं अजून प्रयोगशाळेतलं, आईच्या रिपोर्टात लॅक्टिलेशन शोधत बसू नका.

आता ताक. आपलं शरीर स्वतःच दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर लॅक्टेट बनवतं, तुम्ही, मी, मामा सगळेच. लाल पेशींना तर दुसरा धंदाच नाही. लिव्हर त्यातलं बरंचसं परत साखर करून टाकतं. वाटीभर दह्यात असेल एखाद-दीड ग्रॅम, पातळ ताकात त्याहून कमी. गाठीचं लॅक्टेट गाठीतच तयार होतं, भांड्यातून येत नाही. बंद करायचं झालंच तर कारण वेगळं आहे, पांढऱ्या पेशी पडल्या असतील तर घरी विरजलेल्या दह्यातले जंतू नकोत म्हणतात काही डॉक्टर. दहावा दिवस म्हणजे नेमका पेशी पडायचा काळ, तेवढं विचारून घ्या.

गणपतीपेठ : सांगलीत राहून हळद कुणी सुचवली नाही अजून, आश्चर्य आहे.

बाटलीबहाद्दर : कृपा करा दादा. आमटीत असते तेवढी पुरे, गोळ्या-बिळ्या डॉक्टरला न विचारता नको.

धागाकर्ता : अपडेट. फोन केला, लगेच या म्हणाले, रात्रीच मिरजेला गेलो. सिस्टरनी एका झटक्यात शीर धरली. एलडीएच २७४, पोटॅशियम ४.१, युरिक ॲसिड नॉर्मल. बाटलीबहाद्दर दादा, पाया पडतो तुमच्या. पण पांढऱ्या पेशी १३०० निघाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या पेशी वर येईपर्यंत घरचं दही-ताक बंद, कच्चं काही नको, ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र-पहाट न बघता उचलून आणायचं. पेशीवाली ताई, तुमचं सगळं मामाला वाचून दाखवलं, २८ जागा वगैरे सकट. त्याचं एकच, "बंद केलं का नाही शेवटी? मी काय सांगत हुतो." आता त्याला काय बोलणार.

राहता राहिलं एकच, आठवडाभर आईला आंबटसर, वास न येणारं, उकळून देता येईल असं काय देऊ? कोकमाचं विचारायचं राहून गेलं तिथं.