ड्वार्फ फोर्ट्रेस: मायनिंग स्किल वाढलं की नक्की काय फरक पडतो?

धोंडोपंत
मंडळी एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. बुटक्यांचा किल्ला वसवायचा हा कॉम्प्युटर गेम, त्याचं स्टीमवालं (ऑनलाइन गेम दुकानातलं) व्हर्जन घेऊन पंधरा दिवस झाले, तिसरा किल्ला चालू आहे (पहिले दोन कसे बुडाले ते विचारू नका, एक तर अक्षरशः बुडाला). सात बुटके, त्यातले दोन मायनर (खोदकाम करणारे), दोघंही नवशिके. काल हेमेटाइटची (लोखंडाच्या खनिजाची) मस्त लांबलचक शीर सापडली, सगळी खोदून काढली आणि बघतो तर निम्म्याहून जास्त टाइलमधून (नकाशावरच्या चौकटींमधून) काहीच पडलं नाही, नुसती मोकळी जमीन. म्हणजे कच्च्या मायनरने माझं लोखंड वाया घालवलं का? लेजंडरी (सगळ्यात वरची स्किल लेव्हल) होईपर्यंत बाकीच्या शिरांना हातच लावू नये का? आणि दोघं इतके हळू खोदतात की एक जेवणाचा हॉल व्हायला अख्खा ऋतू गेला. कुदळी तांब्याच्या आहेत, स्टीलच्या दिल्या तर वेग वाढेल का?

गाळातला_गणू
हो वाया गेलं. नवशिक्या मायनर धातूचा दगड फोडून टाकतो, स्किल वाढलं की जास्त मिळतो. मी तर नवीन मायनरला शिरेच्या आसपास फिरकू पण देत नाही.

तळघर_४२
गणू भावा, हे फार जुन्या व्हर्जनातलं झालं, तेव्हा खरंच तसं होतं. आता दगड पडणं न पडणं याचा स्किलशी काडीचा संबंध नाही. साध्या दगडात साधारण चारातल्या एका टाइलमधून धोंडा निघतो, शिरेत चान्स थोडा जास्त पण प्रत्येक टाइलमधून निघेलच असं नाही, मग खोदणारा काल आलेला असो की लेजंडरी. पंत, तुमचं काही वाया गेलेलं नाही, तेवढंच मिळायचं होतं. शिवाय एक धोंडा वितळवला की धातूचे चार बार (विटा) निघतात, त्यामुळे आकडा दिसतो तेवढा वाईट नाही.

स्किलने वाढतो तो वेग, आणि तो मात्र प्रचंड वाढतो. नवशिक्या एकाच टाइलवर ठोकत बसलेला असतो आणि लेजंडरी भिंतीतून चालत गेल्यासारखा पलीकडे निघतो.

हिशोब सांगतो. एक टाइल खोदली की १० एक्सपी (अनुभवाचे गुण). पहिल्या लेव्हलला ५०० लागतात, पुढच्या प्रत्येक लेव्हलला आधीपेक्षा १०० जास्त, असं करत करत लेजंडरीला एकूण १८००० होतात. म्हणजे एका मायनरच्या १८०० टाइल. ९ बाय ९ च्या बावीस खोल्या एकट्याने खोदल्या तरी अठरा टाइल कमीच पडतात! ऐकायला खूप वाटतं पण किल्ल्यात जिने, बोगदे, झोपायच्या खोल्या धरल्या तर पहिल्या एकदोन वर्षांत होऊन जातं, मायनिंगइतकं पटकन वाढणारं स्किल मला तरी दुसरं माहीत नाही. किल्ला सुरू करायच्या आधी तयारीच्या स्क्रीनवर पॉइंट घालून प्रोफिशियंट (पाचव्या लेव्हलचा) मायनर घेता येतो, पण त्याने फक्त ३५० टाइल वाचतात. मी ते पॉइंट डॉक्टरवर घालतो.

धोंडोपंत
बापरे म्हणजे उगाच दोन दिवस हळहळत बसलो. मग लवकर वाढवायचं कसं?

लाव्हारस
माती! वरच्या थरात माती किंवा वाळू असेल तर तिथे एक भलामोठा चौकोन मार्क करून दोघांना सोडून द्या. माती दगडापेक्षा खूप पटकन खोदली जाते आणि एक्सपी मात्र टाइलमागे तेवढाच मिळतो, वर धोंड्यांचा पसारा पण होत नाही. ती जागा पुढे शेतीला आणि गोदामाला लागतेच.

कुदळीच्या धातूने खोदायचा वेग बदलत नाही, तांब्याचीच राहू द्या. धातूचा फरक मारामारीत पडतो. आणि इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, कुदळ हातात घेऊन लढताना मायनिंगचंच स्किल वापरलं जातं. माझी एक मायनर होती, साधी गरीब, कधी सैन्यात नाही काही नाही, बोगद्याच्या तोंडाशी कोबोल्ड चोर आडवा आला तर हिने पहिल्याच फटक्यात कुदळ त्याच्या डोक्यात घातली आणि परत जाऊन राहिलेली टाइल खोदायला लागली. फक्त लाकूडतोड किंवा शिकार हे त्याच बुटक्याला मायनिंगसोबत देऊ नका, तिघांचं सामान वेगळं असतं आणि ते एकमेकांत जुळत नाही.

तळघर_४२
वेगाचं अजून एक. पंत, तुमचे मायनर हळू खोदतायत का मुळात खोदतच नाहीयेत ते आधी बघा. एकाला क्लिक करून थोडा वेळ त्याच्या मागे मागे फिरा. निम्मा वेळ धोंडे उचलून गोदामात नेण्यात जात असणार. कामांच्या यादीत त्याला लॉक करा म्हणजे नेमून दिलेलंच काम करेल, ओझी बाकीचे वाहतील. आणि बिअरचं गोदाम खोदकामाच्या जवळ आणा, सात मजले चढून प्यायला जाणारा मायनर लेजंडरी असून काय उपयोग.

गाळातला_गणू
बरं माझं चुकलं, मी जुन्याच समजुतीवर खेळत होतो इतकी वर्षं 😅 पण मग मी जे शिरेपासून नवख्यांना लांब ठेवत होतो ते सगळं फुकटच??

लाव्हारस
फुकटच रे. स्मूदिंग (दगड गुळगुळीत करणं) आणि कोरीवकामाने मायनिंग वाढत नाही हे तरी माहितीये ना, की तेही करत बसलास? ते स्किल वेगळं.

गाळातला_गणू
...यावर बोलायला नको.

धोंडोपंत
अपडेट देतो. मातीत दोघांना सोडलं, ओझी बंद केली, आणि खरंच एका ऋतूत ओळखू येईनात इतके सुटले. मग जोशात येऊन जेवणाच्या हॉलच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर चॅनल मारायला (पायाखालची जमीन खोदून खाली उघडायला) सांगितलं, चौकोनी रिंग करून, मधला भाग न खोदता तसाच ठेवून. खाली हॉल पोकळ आहे हे डोक्यातच नाही. रिंगची शेवटची टाइल सुटली आणि मधला सगळा तुकडा धाडकन खाली, त्याच्यावर माझा मायनर उरिस्ट उभा. धुळीचा लोट, गेम पॉज, खाली जेवणारे तिघं आडवे. उरिस्ट जिवंत आहे, पाय मोडलाय. तळघरभाऊ, ते पॉइंट डॉक्टरवर घालायचं जरा सविस्तर सांगता का?