सडपातळ माणसांनाही धोका असतो
स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणे, हा स्थूल पुरुषांचाच आजार आहे, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ साली भारतीय अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हा विकार आढळला; पुरुषांत १३, तर स्त्रियांत ५ टक्के. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा धोका वाढतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

कोथरूडला राहणारे माझे काका सडपातळ आहेत, पण त्यांची हनुवटी मागे आहे आणि अशा ठेवणीत घशातली जागा मुळातच अरुंद असते. औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाखाली नळी लावून घरीच झोपेची तपासणी करवली. घोरता घोरता त्यांचा श्वास थांबतो, हे काकूंनी सांगितले होते, म्हणूनच डॉक्टरांना शंका आली.